दाताची सँडल आणि उतारबाबा

सँडल माणसाच्या पायात असावी, माणूस सँडलमध्ये अडकलेला असू नये, एवढं साधं तत्त्व मला साठी उलटल्यावर कळलं. तेही एका शेंदूर फासलेल्या दगडाच्या गळ्यात हात टाकून, हळदीच्या वाफेत उभं असताना. उभं म्हणणंही तसं चूकच. मी सायकलवर होतो, सायकल चालत नव्हती आणि मला उतरता येत नव्हतं. या अवस्थेला आपल्याकडे अजून नाव पडलेलं नाही.

पण पहिल्यापासून सांगतो, म्हणजे दोष कोणाचा ते वाचकांना ठरवता येईल. माझा नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

निवृत्त माणसाला हिंगोलीत एक तर भजनी मंडळ गाठतं, नाही तर मधुमेह. मला दोघांनी एकदमच गाठलं. पहिल्यावर औषध नाही; दुसऱ्यावर डॉक्टरांनी सायकल सांगितली. मी मन लावून चालवू लागलो. सकाळी कनेरगाव नाक्यापर्यंत जायचं, ढाब्यावर बिनसाखरेचा चहा मागायचा, ढाबेवाल्याने कणवेच्या नजरेनं बघायचं आणि परत यायचं, असा क्रम बसला. ही बातमी पुण्याला मुलापर्यंत पोचली. पुण्याला असणाऱ्या मुलांना वडिलांच्या गरजा वडिलांच्या आधी कळतात. त्याने एक खोकं धाडलं. त्यात नवी पेडलं होती आणि सँडल होती.

वरून पाहिली तर साधी पट्ट्यांची सँडल. उलटी केली की तळव्याला लोखंडाचा एक दात. पेडलवर पाय ठेवून दाबला की तो दात खाचेत जाऊन बसतो, टक् असा आवाज येतो आणि माणूस व सायकल एकजीव होतात. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. लांब पल्ल्याला बुटात पाय उकडतात म्हणून सँडल, आणि पाय घसरू नये म्हणून दात. "सवय होते बाबा," मुलगा फोनवर म्हणाला. तुरुंगाबद्दलही लोक असंच सांगतात.

सवय होईपर्यंत मी भाजी मंडईसमोर, शाळेसमोर आणि एकदा चक्क आमच्याच दारात पडलो. चालत्या सायकलवरून पडण्यात काही एक इभ्रत असते. मी थांबलेल्या सायकलवरून पडत असे. आधी थांबायचो, आजूबाजूला बघायचो, टाच वळवायला विसरल्याचं लक्षात यायचं, आणि मग वाळलेल्या झाडासारखा सावकाश आडवा व्हायचो. मंडईतल्या बायकांना माझ्या पडण्यापूर्वी टोपल्या बाजूला घ्यायला भरपूर वेळ मिळे.

चालताना तो दात फरशीवर वाजायचा. पेन्शनचं काही अडलं म्हणून एकदा मी ती सँडल घालून कचेरीत गेलो. लांब बोळ, फरशी नवी. टक्, टक्, टक्. पहिल्या खोलीतले मोबाइल बंद झाले. दुसऱ्या खोलीत कोणीतरी घाईने फाइल उघडली. तिसऱ्या खोलीत सगळे उठून उभे राहिले. मी दारात पोचलो तेव्हा एकाचीही नजर माझ्या तोंडाकडे नव्हती. सगळे माझ्या पायांकडे बघत होते. मग हळूहळू माना वर झाल्या आणि "हात्तिच्या, तुम्ही होय!" म्हणून सगळे बसले. माझं काम झालं नाही, पण एका जुन्या कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "ती सँडल घालून इथं येऊ नका. आमचे एक साहेब असेच यायचे." "कुठे असतात आता?" मी विचारलं. तो म्हणाला, "नसतात."

शेजारी विश्वंभरराव. भूमी अभिलेखातून निवृत्त. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या, त्यामुळे कोणत्याही गोष्टीची हद्द झाली की त्यांना पहिल्यांदा कळतं. त्यांनी सँडल उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "पायाखाली लोखंड घेऊन गावाची शीव ओलांडू नये. शिवेवर जे असतं त्याला लोखंड कळतं."

"शिवेवर काय असतं?"

"जे असतं ते. मोजणीला गेलो की आम्ही शिवेवर खुंट्या ठोकायचो. सकाळी काही खुंट्या जागेवर नसायच्या."

"लोक उपटतात हो, विश्वंभरराव."

"लोक उपटतात असंच आम्ही रिपोर्टात लिहायचो," ते म्हणाले आणि त्यांनी सँडल माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या एका साप्ताहिकात मी बरीच वर्षं सदर लिहिलं. त्यात देवऋषी, अंगात येणं, उतारे, शिवेवरची भुतं यांची यथेच्छ टिंगल असे. जिल्ह्यातल्या निदान पाच-पन्नास भुतांनी माझ्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला असता. त्यामुळे विश्वंभररावांचं ऐकणं मला परवडणारं नव्हतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात भाचीचं प्रकरण आलं.

माझी बहीण नर्मदाबाई हट्ट्याला दिलेली. तिची कोमल आणि कुरुंद्याच्या अलीकडच्या कवठसोंड गावचा शिवहार यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. दोघंही शेतकी कॉलेजात शिकलेली. मुलगा हळदीची शेती करतो, देणंघेणं काही नाही, घरचे राजी. अडलं होतं ते मुलाच्या आजीपाशी, चंद्रभागाबाईंपाशी. त्या गावच्या शिवेवर उतारबाबा नावाचा दगड आहे. त्याच्यापुढून कोणी बसून जात नाही. उतरून, पायी जायचं. आणि गावात सून आणायची तर मुलीच्या मामाने त्या दगडाला ओलं फूल चिकटवायचं. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर मुलगी दुसऱ्या गावाला. आजी म्हणाल्या, कौल झाल्याशिवाय सुपारी फुटणार नाही.

कोमलने मला फोन केला. "मामा, फूल डावीकडं पडलं तर? माझा जलम एका झेंडूवर ठिवणार का तुमी?"

"अजिबात नाही. मी जातो आणि आजींना समजावतो."

"समजावा. पण मामा, पाया पडते, जरा कमी बोला."

नर्मदा मागून ओरडली, "आन् गाडीनं जाय, दादा! सायकलवर गेलास तर पोरीचा मामा भिकेला लागलाय म्हणतील!"

कौल नको म्हणायला जाणारा माणूस आधुनिक दिसायला हवा, असा मी हिशेब केला. पहाटेच सायकल काढली. पायात सँडल. टक्, टक्. मोहिनीने, म्हणजे आमच्या कुटुंबाने, खिडकीतून फक्त एवढंच विचारलं, "पडलात तर तिकडून कोणाला फोन करायला सांगू?"

औंढ्यापर्यंत मजेत गेलो. पुढे पाय जरा जड वाटायला लागले, पण लांबच्या पल्ल्याला ते होतंच. फाट्यावरून कवठसोंडकडे वळलो आणि एकदम रस्ता दिसेनासा झाला.

हळद शिजवायचे दिवस. दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद उकडायचे पिंपाएवढे कुकर लागलेले होते आणि थंडी सरली नसल्यामुळे त्यांची वाफ वर न जाता रस्त्यावरच आडवी पडली होती. पांढरी, ओली, कडू-गोड वासाची. कुकर दिसत नव्हते. आवाज येत होते, पण आवाजांना माणसं नव्हती. कोणीतरी अगदी कानापाशी म्हणालं, "आणखी येऊ दे," आणि वळून बघतो तर नुसती वाफ. मी घंटी वाजवली. घंटीचा आवाज पुढे गेला आणि मागून परत आला. याला शास्त्रीय कारण असणार. मी ते नंतर शोधायचं ठरवलं.

मग समोर मेंढरं आली. एवढा मोठा कळप, पण एकही ओरडत नव्हतं. मध्ये काठी टेकून एक म्हातारा. हा मल्हारी, हे पुढे कळलं.

"पावणं, उतरा," तो म्हणाला. "उतारबाबा आला." एसटीचा कंडक्टर गाव पुकारतो तितक्याच सहज.

माझ्यातला सदरलेखक जागा झाला. "काहून उतरायचं, बाबा? रस्ता सरकारचा आहे."

"रस्ता सरकारचा हाय की. जागा त्याची हाय. समदे उतरतेत. नवरदेव घोड्यावरनं उतरतो, साहेब गाडीतनं उतरतो. मागं एक न्हाई उतरला."

"मग काय झालं त्याचं?"

"काई न्हाई." मल्हारीने थोडा विचार केला. "आता गाडीवर बसतच न्हाई तो."

"मी उतरणार नाही," मी म्हणालो. चांगलं ठणकावून. आणि पुढे काही वाक्यं बोललो, ती जुन्या सदरातलीच होती. मेंढरांनी ती शांतपणे ऐकली, कारण त्यांनी रस्ता पूर्ण भरला होता आणि त्यांना दुसरीकडे जायचं नव्हतं. तेव्हा मलाच थांबावं लागलं. थांबणं म्हणजे पाय काढणं. डावा सुटला. मग मी उजवी टाच बाहेर वळवली.

पाय निघाला नाही.

पुन्हा वळवली. टाच फिरत होती, पाय फिरत होता, पण पेडल सोडत नव्हतं. डाव्या अंगाला मेंढरं, म्हणून सायकल उजवीकडे कलायला लागली. त्या सावकाश पडण्याची मला ओळख होती. मी वाफेत हात फेकला. कोणाच्या तरी खांद्यासारखं काहीतरी हाताला लागलं. मी त्याला मिठी मारली. ते गरम होतं.

ऊन अजून पडलं नव्हतं. वाफेने तापलं असणार, मी लगेच ठरवून टाकलं. मग वाफ जराशी सरली आणि मी कोणाच्या गळ्यात पडलो होतो ते दिसलं. शेंदूर, चांदीचे दोन डोळे, आणि तिसऱ्या बाजूला मी.

"सोडा त्याला!" मल्हारी माझ्यावर ओरडला.

"मी धरलेलं नाही! चपलेचा दात अडकलाय! लोखंड आहे लोखंड, खाली!"

"अवो पण पट्टा सोडून पाय काढा की!"

हे मला सुचायला हवं होतं, हे मान्य. पण दोन्ही हात देवाच्या गळ्यात असताना पट्टा कोण सोडणार? मल्हारी वाकला. त्याने पट्टा सोडला. दुसरा सोडला. टाचेमागचा सोडला. सँडल आता नावालाच पायात होती. झुळूक आली असती तर पडली असती.

"काढा," तो म्हणाला.

मी पाय उचलला. म्हणजे उचलायचा हुकूम दिला. पाय जागचा हलला नाही.

मल्हारी दोन पावलं मागे सरकला. त्याच्याबरोबर मेंढरंही सरकली.

मधुमेहात पाय बधिर होतात हे मला माहीत आहे. लांब सायकल चालवली की पोटरीत गोळा येतो हेही माहीत आहे. ही दोन्ही कारणं मी त्या वेळी मनात मोठमोठ्याने म्हटली. पण त्याचबरोबर माझ्या घोट्याभोवती कोणाची तरी बोटं आहेत, असंही मला वाटत होतं, आणि ती थंड होती. या विषयावर मी इतकंच लिहीन.

वाफेतून माणसं यायला लागली. आधी हात दिसायचे, हळदीने पिवळेजर्द, मग मागाहून माणूस. मला वाटलं कोणीतरी हसावं. आयुष्यात पहिल्यांदाच मी लोकांनी हसायची वाट बघत होतो. गर्दी फाकली आणि काठी टेकत एक ठेंगणी म्हातारी पुढे आली. कमरेत वाकलेली, कपाळभर कुंकू.

"कोण हाय हे?"

"कोमलचे मामा, आजी," गर्दीतून एक तरणा पोरगा म्हणाला. शिवहार. पोरगं गोरंमोरं झालं होतं.

"ते देवाची चेष्टा लिवणारे?" चंद्रभागाबाईंनी मला पायापासून वर निरखलं. डोक्यापर्यंत त्या आल्याच नाहीत, पायापाशीच थांबल्या. "उतरले न्हाईत जणू."

"न्हाई म्हणले," मल्हारीने साक्ष दिली.

"मंग त्यानं धरलंय. काय मागायला आलात ते त्याला बोला, म्हंजे सोडंल."

मी मागायला आलो नव्हतो, मागू नका म्हणायला आलो होतो. पण हे अशा अवस्थेत पटवून देणं कठीण असतं. शिवहार आधार द्यायच्या निमित्ताने जवळ आला आणि माझ्या कानात कुजबुजला.

"मामा, शुगर हाय का तुमाला? पाय बधिर झाला असंल."

"तेच! सांग ना त्यांना!"

"सांगतो. पण मंग आजी फूल लावायला लावंल तुमाला. अन् ह्या दगडाचा डावा खांदा उतरता हाय, मामा. मी लहानपणापासून बघून राहिलो. फूल डावीकडंच घसरतंय. गावातली निम्मी पोरं त्याच्यापाई बसून हायत."

मी देवाच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. माझा हात त्याच खांद्यावर होता, आणि घसरत होता.

बोलण्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला गप्प बसायला किती ताकद लागते, हे फक्त तसल्याच माणसाला ठाऊक. मी तोंड मिटलं. मग ते उघडलं, आणि दगडाच्या कानाच्या जागी तोंड नेऊन, बाकी कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणालो, "पोरीला इथे येऊ दे. चांगली आहे ती."

पाय सुटला. काही न होता सुटला. जणू कधी अडकलाच नव्हता. मी शिवहारच्या अंगावर पडलो आणि मागे सायकल दगडाला टेकून तशीच उभी राहिली, पडली नाही.

चंद्रभागाबाईंनी हात जोडले. "फूल कशाला आता? त्यानं मामाच धरला, मामाच सोडला. एवढा मोठा कौल माह्या सासूच्या वक्तालाबी झाला न्हाई."

म्हणजे कौल बंद पाडायला मी निघालो होतो आणि कौल बंद झाला होता. कसा बंद झाला तेवढं फक्त सदरात लिहिता येण्यासारखं नव्हतं.

घरी नेऊन त्यांनी मला बाजेवर बसवलं. बायका आल्या, माझा उजवा पाय तेवढा परातीत धुतला, त्याला हळदकुंकू लावलं. डाव्याकडे कोणी बघितलंही नाही. मी पाय आखडता घेतला की त्या पुढे ओढायच्या. शिवहारने कोमलला फोन लावून माझ्या हातात दिला. ती पलीकडून एकदम हळू आवाजात म्हणाली, "मामा, समदं कळलं. आता काईच बोलू नका. श्वासबी जरा हळू घ्या."

मी तसाच बसलो. जमत होतं. पण चंद्रभागाबाई चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "मामा, एक विचारते. लोखंड लोखंड वरडत होता तुमी. चपलीनं धरलं का त्यानं धरलं? खरं सांगा. चपलीनं धरलं असंल तर हा कौल न्हाई. उद्या फूल लावू. नातवाच्या जल्माचा सवाल हाय, माझ्यापाशी खोटं बोलू नका."

ओसरीवर सगळं गाव जमलं होतं. शिवहारने भिंतीकडे तोंड केलं. फोन चालूच होता.

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. पण ह्या एका विषयावर मी कधी खोटं बोललो नव्हतो. देव-देवस्कीच्या बाबतीत मी जे लिहिलं ते खरंच लिहिलं. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच आहे. आणि इकडे एक पोर फोनला कान लावून बसली होती. दोन्ही गोष्टी माझ्याच होत्या. वेळ काढावा म्हणून मी म्हणालो, "आणा ती सँडल. बघू तरी."

मल्हारी सायकल आणि सँडल घेऊन आला. डावी सँडल मी उलटी केली. तळव्याला लोखंडाचा दात, घट्ट. "हे बघा," मी म्हणालो, "हा असा दात असतो." मग उजवी उलटी केली.

दात नव्हता. स्क्रूची दोन भोकं, बाकी गुळगुळीत रबर.

मी पेडलची खाच पाहिली. तिथे तरी अडकून राहिला असेल. खाच रिकामी होती. बोट घातलं तर बोटाला ओली हळद लागली.

पडला असेल वाटेत. औंढ्याच्या खड्ड्यांत कधीतरी स्क्रू ढिला झाला असेल, निसटला असेल. असंच झालं असणार. पण मग शिवेवर माझा पाय कशात अडकला होता, हा प्रश्न मी सँडल तशीच उलटी धरून स्वतःला विचारत बसलो, आणि समोर सगळं गाव तेच विचारत उभं होतं.

"कुटंय लोखंड?" चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"आजी," मी म्हणालो, "लोखंड नाही."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. माझ्या कुठल्याही सदरातल्या वाक्याइतकं खरं. कोणी हसलं नाही. फोनमधून कोमलने एक लांब श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला, आणि आजींनी कोणाला तरी सुपारी आणायला पाठवलं.

देवाचा विचार बदलायच्या आत हट्ट्याला जाऊन साडी-नारळ द्यायचा, असं चंद्रभागाबाईंनी ठरवलं. जीप निघाली. मागे टपावर सायकल बांधली, सँडल गाववाल्यांनी ठेवून घेतली, दोन्ही. मला शिवहारच्या रबरी चपला दिल्या. चंद्रभागाबाई पुढच्या सीटवर, मी मागे. वाफ आता विरली होती, ऊन पडलं होतं. शिवेवर सगळं कसं लख्ख दिसत होतं: दगड, शेंदूर, आणि त्याच्या खांद्यावर माझा हात घसरल्याची खूण.

जीप थांबली. ड्रायव्हर उतरला, शिवहार उतरला, सोबतच्या बायका उतरल्या. मी बसून राहिलो. लग्न ठरलं होतं. पोरीचं काही अडकलेलं नव्हतं. आता जे काही होतं ते माझं आणि त्या दगडाचं होतं. निदान एवढं तरी स्वतःसाठी करायचं होतं, की न उतरता ही दोन हातांची जागा ओलांडायची.

पुढच्या सीटवर चंद्रभागाबाईही बसूनच होत्या.

"आजी, तुम्ही उतरत नाही?" मी आशेने विचारलं.

"माझं काय, मी म्हातारी. त्याची माझी जुनी वळख हाय." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तुमी उतरा, मामा. तुमची आजच झालीय."

मी उजवा पाय आधी जरासा हलवून पाहिला. हलला. मग मी उतरलो.